वेलांटीरावांची मोफत तपासणी

छापखान्याचे हिशेबनीस निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले आणि वेलांटीरावांच्या आयुष्यात कर विवरणपत्र नावाची वस्तू पहिल्यांदाच शिरली. तोवर दर वर्षी हिशेबनीस एक कागद पुढे सरकवायचे, वेलांटीराव मान वर न करता सही ठोकायचे, आणि सरकार नि ते दोघंही एकमेकांच्या वाटेला जायचे नाहीत.

वेलांटीराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधल्या. एकदा एका भित्तिपत्रकावर ‘आरोग्य दिन’च्या जागी ‘आरोग्य दीन’ छापलं जात होतं, तेव्हा हे गृहस्थ धावत गेले नि त्यांनी चालू यंत्र थांबवलं. नऊशे कागद वाया गेले. मालकांनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून सगळे त्यांना वेलांटीराव म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं होतं. साठी उलटल्यावर मालकांनी त्यांना अर्धवेळ केलं. अर्धा दिवस काम, अर्धा पगार. चुका मात्र पूर्वीइतक्याच होत्या.

तर विवरणपत्र. कोरा नमुना चार पानी होता आणि तो कसा भरावा हे सांगणारी पुस्तिका छत्तीस पानी. भल्या माणसाने नमुना भरला असता. वेलांटीरावांनी पुस्तिका वाचायला घेतली. दुसऱ्याच ओळीत ‘उत्पन्न’ या शब्दात एक ‘त’ जास्त पडला होता. त्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. मग पुढे ‘माहीती’ आली, ‘आर्थीक’ आलं, आणि वेलांटीराव रंगात आले.

पण चुका बाजूला राहिल्या नि त्यांना मजकुराचंच कुतूहल वाटू लागलं. नववा नियम म्हणायचा, खुलाशासाठी टीप चौदा पाहा. टीप चौदा म्हणायची, नववा नियम लागू नसेल तरच ही टीप वाचावी. आता हे कळायला आधी टीप वाचायला नको का? वेलांटीराव दोन संध्याकाळी या प्रश्नात बुडून गेले. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणाले, “अगं, शेतात उगवलेलं नि गच्चीवर उगवलेलं यात सरकार फरक करतं, माहितीये तुला?”

“तुम्ही नमुना भरलात का?” काकूंनी विचारलं. काकू म्हणजे त्यांची बायको. साऱ्या इमारतीत त्यांना काकूच म्हणत.

“त्याच्याच मुळाशी जातोय,” वेलांटीराव म्हणाले.

मुळाशी जाऊन आल्यावर त्यांनी नमुना भरला, निळ्या शाईने, मोत्यांसारख्या अक्षरात. आणि मग, सवयीचा गुलाम माणूस, छापील मजकुरातल्या सात चुका लाल शाईने दुरुस्त करून, समासात खुणा करून, तो दिमाखात कर कार्यालयात घेऊन गेले. मनात कुठेतरी असंही होतं की कोणीतरी थँक्यू म्हणेल.

खिडकीमागच्या कारकुनाने नमुना उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला.

“हे लाल कोणी केलं?”

“मी.”

“का?”

“चुकलं होतं.”

“तुमचं?”

“तुमचं.”

कारकुनाने चष्मा काढला. वेलांटीरावांनी खिडकीच्या भोकातून बोट आत घालून दाखवलं, “हे बघा. ‘उत्पन्न’मध्ये एक त जास्त आलाय.”

“उत्पन्नात काही जास्त आलं तर आमची हरकत नसते,” कारकून म्हणाला. “लाल शाई चालत नाही. लाल शाई आमची. करदात्याने निळी किंवा काळी. हा नमुना बाद.” आणि नवा कोरा नमुना पुढे सरकवता सरकवता तो सहज म्हणाला, “आणि कापलेल्या कराचा आकडा तुम्ही तिसऱ्या रकान्यात घातलाय. तो सातव्यात हवा.”

वेलांटीरावांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. छत्तीस वर्षांत त्यांची चूक कोणी काढली नव्हती. निदान तोंडावर तरी नाही. ते काही बोलणार तोच कारकुनाने नमुन्यावर एक चिठ्ठी ठेवली. “महिनाअखेर शेवटची तारीख. नंतर दंड. जमत नसेल तर शनिवारी वाचनालयाच्या तळघरात मोफत तपासून देतात. अल्प उत्पन्न गटासाठी.”

चिठ्ठीवर ते दोन शब्द ठळक छापलेले होते. अल्प उत्पन्न. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. वेलांटीरावांनी चिठ्ठी चार घड्या घालून आतल्या खिशात ठेवली, जसा माणूस डॉक्टरचा वाईट रिपोर्ट ठेवतो.

इमारतीच्या जिन्यात बातमी आपली आपणच चढते. वेलांटीराव पहिल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तळमजल्यावरचे निवृत्त कॅशियर त्यांच्या मागे होते.

“नमुना परत आला म्हणे?”

“सोबत नवीन दिला.”

“ऐका माझं. कुठलाही रकाना मोकळा सोडू नका. मोकळ्या रकान्यात पुढे कोणीतरी काहीतरी लिहितं. आणि शून्य काढाल तर त्याच्या पोटात रेघ मारा. नाहीतर शून्याचा सहा करायला कितीसा वेळ लागतो? आणि तिथे मोफत तपासून घ्यायला तर बिलकूल जाऊ नका. फुकट बघणारा माणूस एक तर घाईत असतो, नाहीतर त्याला काहीतरी विकायचं असतं.”

या कॅशियरांनी स्वतःचं विवरणपत्र गेली तीन वर्षं भरलं नव्हतं हे नंतर कळलं. भीतीपोटी. पण सल्ला देताना त्यांचा आवाज कधी थरथरला नाही.

वेलांटीरावांना सल्ला पटला, कारण तो त्यांच्या अभिमानाला सोयीचा होता. “मी आयुष्यभर दुसऱ्यांचं तपासलं,” ते काकूंना म्हणाले. “आता माझं कोणी तपासायचं?”

“डॉक्टरसुद्धा दुसऱ्या डॉक्टरकडे जातात,” काकू म्हणाल्या, नि पिशवी खांद्याला लावून बाहेर पडल्या. दुपारी त्या शिवणाच्या क्लासला जात. हा क्लास सहा वर्षं चालला होता. वेलांटीरावांना कधी कधी वाटे की आपल्या बायकोला शिकायला जरा वेळच लागतोय. पण ते तसं बोलून दाखवत नसत. तेवढे ते थोर होते.

त्यांचा निश्चय मोडला तो समोरच्या बिऱ्हाडातल्या नर्सबाईंमुळे. “मी जाते ना दोन वर्षं तिथे,” त्या कुलूप उघडता उघडता म्हणाल्या. “एक बाई आहेत, गणिताच्या शिक्षिका होत्या. काय वाचतात! ओळीखाली पट्टी धरून, एकेक आकडा बोटाने दाबून.”

वेलांटीराव उंबऱ्यातच थांबले. “पट्टी धरून?”

“हो.”

“लाकडी की प्लॅस्टिकची?”

“ते नाही बाई पाहिलं.”

त्या रात्री त्यांना झोप लागेना. ओळीखाली पट्टी धरणं ही त्यांच्या धंद्यातली जुनी रीत. हल्ली नवीन मुलं तसंच नुसतं डोळ्याने वाचतात आणि म्हणून पुस्तकांची ही अवस्था आहे. आकडे वाचणारी बाई पट्टी का धरते? वरून खाली वाचते की खालून वर? सकाळी उठल्यावर त्यांनी जाहीर केलं, “मी जाणार आहे. मदत घ्यायला नाही. त्यांची पद्धत बघायला.”

पण तपासून घेण्याआधी आपण गरीब आहोत हे सिद्ध करावं लागत होतं. त्यासाठी एक वेगळा अर्ज होता, सहा पानी, म्हणजे विवरणपत्रापेक्षा दोन पानं जास्त. हा अर्ज तपासायला कोणी मोफत बसत नव्हतं. त्यात विचारलं होतं: घरात वाहन आहे का? त्यांची सायकल होती, पण तिला मागचं चाक नव्हतं. वेलांटीराव अर्धा तास विचारात पडले. वाहन म्हणजे जे वाहतं ते. ही तर वाहत नाही. त्यांनी लिहिलं, ‘होते.’ मग प्रश्न आला, ‘घरातील इतर सदस्यांचे उत्पन्न’. तिथे त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘निरंक’. हा शब्द त्यांच्या फार आवडीचा होता. ‘काही नाही’ म्हणण्यात जो केविलवाणेपणा आहे तो ‘निरंक’मध्ये औषधालाही नाही.

सोबत मालकांचं पत्र जोडायचं होतं. मालकांनी लगेच कागद ओढून लिहिलं: ‘सदर गृहस्थ आमच्याकडे अर्धवेळ असून त्यांचे उत्पन्न अतीशय कमी आहे.’

वेलांटीरावांनी वाचलं. “‘अतिशय’,” ते म्हणाले. “पहिली वेलांटी.”

“बरं. बाकी बरोबर आहे ना?”

“बाकी…” वेलांटीरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. “बाकी बरोबर आहे.”

मालकांनी नवीन पत्र लिहिलं. ते कार्यालयातून परत आलं, कारण ‘अतिशय कमी’ असा गटच नव्हता. गट दोनच, ‘अल्प’ आणि ‘अत्यल्प’. तिसऱ्या पत्रात मालकांनी उदारपणे ‘अत्यल्प’ लिहिलं. तेही परत आलं. कारण अत्यल्प ठरायला वेलांटीरावांचा पगार थोडा जास्त पडत होता. चौथ्या पत्रासाठी मालकांच्या दारात उभं राहताना वेलांटीरावांना, आपण नक्की किती गरीब आहोत हे ठरवायला पाच माणसं राबताहेत, याचा एक विचित्र मानही वाटला. मालक मात्र वैतागून म्हणाले, “वेलांटीराव, यापेक्षा पगार वाढवला असता तर कमी त्रास झाला असता.” पण पगार त्यांनी वाढवला नाही.

शेवटी महिनाअखेरच्या आधीच्या शनिवारची चिठ्ठी मिळाली. क्रमांक तेवीस. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, जोडीदाराची सही समक्ष लागेल.

“अगं, शनिवारी तुला माझ्याबरोबर यावं लागेल. नुसती सही करायची आहे.”

“येतेच,” काकू म्हणाल्या. “माझंही काम होऊन जाईल.”

“हं,” वेलांटीराव म्हणाले, कारण ते तेव्हा टीप चौदा पुन्हा वाचत होते.

वाचनालयाचं तळघर म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, छताला दोन ट्यूबलाइट, त्यातला एक डोळा मिचकावणारा. मध्ये तीन टेबलं. बाकांवर माणसं मांडीवर कागद धरून बसलेली: एक रिक्षावाला, एक केस कापणारा, दोन घरकाम करणाऱ्या बहिणी. सगळ्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या आधीची कळा. वेलांटीरावांनी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातला होता, बघणाऱ्याला वाटावं की हे पाहुणे आहेत. चोवीस नंबरच्या केस कापणाऱ्याने त्यांना विचारलंही, “साहेब, फॉर्म इथेच द्यायचा का?” वेलांटीरावांना बरं वाटलं. मग त्याने त्यांच्या हातातली तेवीस नंबरची चिठ्ठी पाहिली, आणि बरं वाटणं संपलं.

तेवीस नंबर पुकारला गेला. गणिताच्या बाई सत्तरीच्या, काटकुळ्या, चष्म्याला दोरी बांधलेली. आणि हातात पट्टी. लाकडीच! एक कड वापरून वापरून गोल झालेली. वेलांटीरावांचा जीव भांड्यात पडला.

बाई वाचू लागल्या. पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती. दर आकड्यावर बोट, मग जोडलेल्या पावतीवर बोट, मग पुन्हा आकड्यावर. तळाशी पोहोचल्यावर त्यांनी पान खालून वर उलटं वाचलं.

“उलटं का?” वेलांटीरावांना राहवेना.

“सुलटं वाचताना माणूस अर्थाच्या मागे धावतो,” बाई म्हणाल्या. “उलटं वाचलं की फक्त आहे ते दिसतं.”

हे वाक्य वेलांटीरावांना इतकं आवडलं की आपण इथे का आलोय हे ते विसरले. सांगायला लागले की छापखान्यातही शीर्षकं अशीच उलटी वाचावी लागतात. पण बाईंनी तोवर सोबतचा सहा पानी अर्ज पुढे ओढून बोट वर केलं होतं.

“‘इतर सदस्यांचे उत्पन्न, निरंक’. अक्षर सुंदर आहे तुमचं.”

“आभारी आहे.”

“या काही करत नाहीत?”

“ती शिवणाच्या क्लासला जाते.”

“शिकवायला?”

“शिकायला. सहा वर्षं झाली.”

शेजारी बसलेल्या काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्या चालत्या यंत्रातून वेगळाच आवाज आला की कान देऊन ऐकावं, तसं. “अहो, तो क्लास सहा महिन्यांत संपला,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून एक जाडजूड फाइल काढून टेबलावर ठेवली. “बाई, हे माझं. यांच्याबरोबर एकदा नजरेखालून घाला.”

फाइलमध्ये महिन्यांप्रमाणे लावलेल्या पावत्या होत्या, सुट्या भागांची बिलं होती, कापलेल्या कराचे दाखले होते, आणि सगळ्यांत वर निळ्या शाईने भरलेलं विवरणपत्र होतं.

“हे काय आहे?” वेलांटीरावांनी विचारलं.

“शिलाई मशीन दुरुस्त करते ना मी. आधी आजूबाजूची करायची. गेल्या वर्षापासून तयार कपड्यांच्या कारखान्यातली बेचाळीस मशिनं माझ्याकडे आहेत. आठवड्यातले चार दिवस.”

“तू मला सांगितलं नाहीस!”

“दोनदा सांगितलं.”

“मी काय म्हणालो?”

“‘हं.’”

“आणि दुसऱ्यांदा?”

“‘हं, बरं.’ तेव्हा मला वाटलं, तुम्हाला चालतंय.”

माणसाला दुसऱ्याच्या विवरणपत्रात एवढा रस असू शकतो हे त्या दिवशी तळघरात सिद्ध झालं. दोघी बहिणींनी आपापले कागद मांडीवर पालथे ठेवले.

बाईंनी काकूंची फाइल वाचली. पट्टी सरसर सरकली, कुठे अडकली नाही. मग त्यांनी एका चिटोऱ्यावर दोन आकडे एकाखाली एक लिहिले, बेरीज केली, उचललेला शिक्का पुन्हा डबीवर ठेवला.

“अडचण आहे. दोघांचं मिळून उत्पन्न मर्यादेच्या वर जातं. तुम्ही अल्प उत्पन्न गटात बसत नाही. मला इथे शिक्का मारता येणार नाही.”

वेलांटीरावांची अवस्था काय सांगावी! तीन आठवडे लागले होते ते दोन शब्द गिळायला. चार पत्रं आणली, सायकलीबद्दल खरं लिहिलं, इस्त्रीचा शर्ट घालून तळघरात उतरले, आणि आता कुठे त्या शब्दांशी जमतंय तोवर ते शब्दही काढून घेतले.

“आणखी एक,” बाई जरा चाचरत म्हणाल्या. “विवरणपत्रात ‘तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती’मध्ये तुम्ही यांचं नाव घातलंय. ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या कागदावर कमी उत्पन्नवाल्याचं नाव येतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे यांच्या कागदावर तुमचं.”

केस कापणारा खोकला. तो खोकला नव्हता, हसू होतं. पण काकूंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, “बाई, तिथे दुसरा एखादा शब्द नाही का चालणार? ‘अवलंबून’ बरं नाही वाटत.”

“नमुन्यात तोच छापलाय हो.”

वेलांटीरावांनी काकूंचा कागद आपल्याकडे ओढला. ती ओळ पाहिली. काकूंचं अक्षर त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ठेंगणं, सरळ, एका रेषेत बसलेलं. त्यांनी सगळं पान वाचलं, वरून खाली, मग खालून वर.

“शब्द बरोबर आहे,” ते म्हणाले. “वेलांटीसुद्धा बरोबर आहे. लिही.”

काकूंनी लिहिलं.

बाईंनी दोन्ही विवरणपत्रं टाचणी लावून परत दिली. “शिक्का मारता येत नाही, पण वाचलेलं काही मला विसरता येत नाही. यांच्या कागदात एकही चूक नाही. तुमच्यात एकच होती, ती आत्ता निघाली. सोमवारी खुशाल भरून टाका.” मग वेलांटीरावांकडे पाहून म्हणाल्या, “तुम्ही वाचता छान.”

सोमवारी कारकुनाने दोन्ही विवरणपत्रं घेतली. काकूंचं पाहून नुसता शिक्का मारला. वेलांटीरावांचं पाहताना त्याने आधी शाईचा रंग बघितला, मग शिक्का मारला. दंड वाचला.

पण आपली गोष्ट शनिवारची आहे. तळघरातून वर आल्यावर दोघं फुटपाथने चालू लागली. वेलांटीराव खाली बघत चालत होते. काकूंना वाटलं, दुखावलेत. दुखावले होतेच. दुखावलेला माणूस मुकाट घरी जातो, कोपऱ्यात बसतो. वेलांटीराव चौकात मध्येच थांबले.

“त्या यंत्रात एक दोरा वरून येतो ना?”

“हो.”

“आणि एक खाली, त्या डबीत असतो.”

“बॉबिनमध्ये.”

“मग वरच्या दोऱ्याला खालचा सापडतो कसा? सुई तर नुसती खाली जाते नि वर येते. तिला काही बोटं नाहीत गाठ मारायला.”

सहा वर्षांत हा प्रश्न काकूंना कोणी विचारला नव्हता. कारखान्याच्या मालकानेसुद्धा नाही. त्यांनी पिशवीतून हात काढला, हवेत सुई धरून दाखवली, दुसऱ्या हाताचा आकडा केला, फिरवला. सिग्नल दोनदा सुटला. मागच्या माणसाने बाजूला व्हायला सांगितलं.

“असं सांगून नाही कळत,” काकू शेवटी म्हणाल्या. “बघायला या.”

मंगळवारी वेलांटीरावांनी छापखान्यातून रजा घेतली. कारखाना एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होता. बेचाळीस मशिनांचा आवाज जिन्यातच अंगावर आला. काकू आत शिरल्या तशा ओळीतल्या बायका माना वर करून “बाई, सतरा नंबर टाके सोडतंय,” “बाई, माझी सुई आधी,” असं पुकारू लागल्या. वेलांटीराव मागे उभे होते, पाहुणा दारात उभा राहतो तसे. एकीने त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, “हे कोण, बाई?”

“आमचे हे,” काकू म्हणाल्या. “बघायला आलेत.”

सतरा नंबरपाशी त्यांनी स्टूल ओढून वेलांटीरावांना बसवलं. सुईखालची धातूची पट्टी काढली, दिवा जवळ आणला, आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवलं. सुई खाली गेली. जराशी वर आली, आणि तिच्या मागे दोऱ्याचा इवलासा फास सुटला. तेवढ्यात खालून एक चकचकीत टोक फिरत आलं, त्या फासात शिरलं, त्याला ओढून बॉबिनभोवती फिरवून आणलं, आणि टाका पडला.

वेलांटीराव नाक मशीनला लागेपर्यंत वाकले होते. “थांब थांब. तो फास नक्की कधी सुटला?”

काकूंनी चाक मागे घेऊन पुन्हा फिरवलं.

“परत एकदा.”

त्यांनी परत फिरवलं. चौथ्या वेळी देखरेखीचा माणूस हातातली वही आपटत आला नि ओरडला, “सतरा नंबर अजून बंद का?”

“होतंय चालू,” काकू मान वर न करता म्हणाल्या. “यांचं बघून होऊ दे.”